ईजिप्तमधील स्त्रीहक्कांची चळवळ : मताधिकार आणि कुटुंबाचा कायदा

१६ जानेवारी १९५६ रोजी ईजिप्तची नवी राज्यघटना जाहीर झाली आणि त्या देशातील स्त्रीला प्रथमच मताचा अधिकार मिळाला. तेरा महिने पुरे होण्याच्या आतच, ६ फेब्रुवारी १९५७ रोजी, ह्या अधिकारासाठी रस्त्यावर उतरलेल्या आणि उपोषणाला बसलेल्या दोरिया शफीक ह्या विदुषी कैरोमधील भारतीय वकिलातीत गेल्या आणि तेथे त्यांनी आमरण उपोषण आरंभिले. त्यांच्या मागण्या दोन होत्या : इस्राएलने ईजिप्तच्या भूमीवरून आपले सैन्य काढून घ्यावे, आणि ईजिप्तमधील हुकूमशाही संपुष्टात यावी. ह्या काळात तेथे भारताचे राजदूत असलेले अली यावर जंग पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही. उपोषणाचा शेवट नजरकैदेत झाला. शफीकबाईंच्या स्वतःच्या संघटनेतील सहकारी स्त्रियांनी त्यांचा जाहीर निषेध केला, आणि वृत्तपत्रांतून त्यांचे नाव दिसेनासे झाले.

मागितलेला हक्क मिळाला असताना तो मागणाऱ्या स्त्रीला परक्या राष्ट्राच्या वकिलातीत आश्रय घेण्याची पाळी का यावी, हा प्रस्तुत लेखाचा एक प्रश्न आहे. दुसरा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. मत देण्याचा, शिकण्याचा, नोकरी करण्याचा, मंत्री होण्याचा हक्क ईजिप्तच्या स्त्रीला एकामागून एक मिळत गेला. परंतु विवाह, तलाक आणि अपत्यांचे पालकत्व ह्यांविषयीचा कायदा मात्र जागचा हलण्यास अतिशय नाखूष राहिला. असे का व्हावे? अरब जगतातील स्त्रियांसंबंधी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात बुरख्याची चर्चा पुष्कळ असते, कायद्याची फार थोडी; त्यामुळे हा दुसरा प्रश्न सहसा उपस्थितच होत नाही. अरब संघात बावीस राष्ट्रे आहेत आणि त्यांचे इतिहास एकमेकांसारखे नाहीत. म्हणून येथे विवेचन मुख्यतः ईजिप्तपुरते मर्यादित ठेवले असून तुलनेसाठी ट्युनिशियाकडे दृष्टी टाकली आहे.

प्रथम कायद्याची घडण पाहिली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ईजिप्तमध्ये न्यायव्यवस्थेची जी पुनर्रचना झाली तिच्यात फ्रेंच कायद्याच्या धर्तीवरील संहिता स्वीकारण्यात आल्या. १८७६ साली परकीयांचा संबंध असलेल्या खटल्यांसाठी मिश्र न्यायालये सुरू झाली आणि १८८३ साली देशी लोकांसाठी नवी न्यायालये स्थापन झाली. व्यापार, करार, मालमत्ता, गुन्हे हे सर्व विषय शरीयत न्यायालयांच्या हातून गेले. काझीकडे राहिले ते विवाह, तलाक, पोटगी, अपत्यांचा ताबा, वारसा आणि वक्फ. ह्या उरलेल्या विषयांना एकत्र बांधणारी ‘व्यक्तिगत दर्जा’ ही संज्ञाही जुन्या फिकहग्रंथांत आढळत नाही. ती युरोपीय कायद्याच्या परिभाषेतून आलेली आहे. १८७५ साली कद्री पाशा ह्यांनी हनफी पंथाच्या मतांची कलमवार संहिता तयार केली आणि न्यायाधीश व वकील तिचा आधार घेऊ लागले. पूर्वीच्या काझीला निरनिराळ्या पंथांतील मतांमधून वाट काढण्यास जो वाव होता तो त्यामुळे आकुंचित झाला.

ह्याचा परिणाम दूरगामी ठरला. इंग्रजांनी १८८२ साली देश व्यापल्यावर कुटुंबाचा कायदा हे धर्माचे, किंबहुना राष्ट्राच्या अस्मितेचे, अखेरचे राखीव क्षेत्र समजले जाऊ लागले. बाजारात आणि कचेरीत परकीयांचा कायदा चालला तरी चालेल, घरात मात्र आपला कायदा हवा, अशी ती भावना होती. आपल्याकडे वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेपासून विवाह आणि वारसा ह्यांची अशीच वेगळी चूल मांडली गेली. तेव्हा घराचा कायदा अनादिकालापासून जसाचा तसा चालत आला आहे ही समजूत दोन्हीकडे सारखीच निराधार आहे. तो वेगळा पडला आणि गोठला तो आधुनिक काळात.

स्त्रियांच्या बाजूने विचार सुरू झाला तो नियतकालिकांतून. १८९२ साली हिंद नवफल ह्या सिरियन वंशाच्या बाईंनी अलेक्झांड्रिया येथे ‘अल्-फतात’ हे मासिक काढले. अरबी भाषेतील हे पहिले स्त्रियांचे नियतकालिक होय. तरीही ग्रंथांतून ह्या विचाराचे जनकत्व बहुधा कासीम अमीन ह्या न्यायाधीशांना दिले जाते. त्यांचे ‘तहरीर अल्-मरआ’ (स्त्रीची मुक्ती) हे पुस्तक १८९९ साली आणि ‘अल्-मरआ अल्-जदीदा’ (नवी स्त्री) हे १९०० साली प्रसिद्ध झाले. अमीन ह्यांनी एकतर्फी तलाकावर आणि बहुपत्नीत्वावर केलेली टीका मोलाची आहे ह्यात शंका नाही. परंतु स्त्रीशिक्षणाचे त्यांचे समर्थन राष्ट्राच्या उन्नतीसाठी सुजाण माता हव्यात ह्या युक्तिवादावर उभे होते, आणि पडद्याविषयी लिहिताना ते आपल्या समाजाकडे युरोपीय माणसाच्या डोळ्यांनी पाहतात असे त्यांच्या टीकाकारांना वाटले. ह्या आक्षेपाला बळ देणारी एक परिस्थिती होती. त्या काळी ईजिप्तचे खरे सत्ताधीश असलेले लॉर्ड क्रोमर इस्लाममधील स्त्रीच्या हीन स्थितीविषयी मोठा कळवळा दाखवीत. आणि हेच गृहस्थ मायदेशी परतल्यावर इंग्लंडातील स्त्रियांना मताधिकार मिळू नये म्हणून स्थापन झालेल्या पुरुषांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले! साम्राज्याच्या सोयीने येणाऱ्या ह्या सहानुभूतीने चळवळीचे पुढे फार नुकसान केले. स्त्रीच्या हक्काची कोणतीही मागणी परकीयांची हस्तक म्हणून हिणवणे त्यामुळे सोपे झाले.

माझ्या मते ह्या पहिल्या पिढीत अमीन ह्यांच्यापेक्षाही अधिक लक्षपूर्वक वाचावयास हव्यात त्या मलक हिफनी नासिफ (१८८६–१९१८). ‘बाहिसत अल्-बादिया’, म्हणजे वाळवंटातील शोधिका, ह्या टोपणनावाने त्या लिहीत. ह्या शिक्षिकेचा विवाह एका प्रतिष्ठित टोळीप्रमुखाशी झाला आणि त्या फय्यूम प्रांतात राहावयास गेल्या. पतीला आधीची एक पत्नी आहे हे त्यांना तेथे गेल्यावर कळले. सवतीच्या संसाराविषयी त्यांनी जे लिहिले ते ह्या अनुभवातून. पडदा एकदम टाकून द्यावा असे त्या म्हणत नाहीत. पुरुषांनी तो लादला आणि पुरुषच आता तो काढावयास सांगत आहेत, आम्हांला कोणी विचारणार आहे की नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. १९११ साली कैरोजवळील हेलिओपोलिस येथे भरलेल्या ईजिप्शियन परिषदेपुढे त्यांनी दहा मागण्या मांडल्या. मशिदीत जाऊन प्रवचने ऐकण्याची मुभा, सर्व प्रकारचे शिक्षण, विवाह व तलाकाच्या नियमांत सुधारणा अशा त्या मागण्या होत्या. त्या सभेत त्यांचे निवेदन वाचून दाखविले एका पुरुषाने. परिषदेने मागण्या मान्य केल्या नाहीत. सात वर्षांनी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षाच्या आसपास, इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचा अंत झाला.

संघटित चळवळीला जन्म दिला तो १९१९ च्या राष्ट्रीय उठावाने. ८ मार्च रोजी साद झगलूल ह्यांना इंग्रजांनी पकडले व देशाबाहेर धाडले. १६ मार्च रोजी कैरोतील घरंदाज स्त्रिया बुरखे पांघरून मोर्च्याने रस्त्यावर आल्या. पुढील वर्षी वफ्द पक्षाची स्त्रियांची मध्यवर्ती समिती निघाली व हुदा शारावी तिच्या अध्यक्ष झाल्या. शारावीबाईंचे (१८७९–१९४७) पूर्वचरित्र येथे सांगणे आवश्यक आहे, कारण त्यांच्या राजकारणाचे मूळ तेथे सापडते. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा विवाह त्यांच्याहून कितीतरी वडील असलेल्या नात्यातील भावाशी, स्वतःच्या पालकाशीच, लावून देण्यात आला. आधीच्या स्त्रीशी संबंध ठेवणार नाही अशी अट त्यांच्या आईने वराकडून लिहून घेतली होती. ती अट मोडल्याचे पुढे उघड झाले, आणि त्या कागदाच्या बळावर ह्या मुलीला सात वर्षे पतीपासून स्वतंत्र राहता आले. विवाहाच्या करारनाम्यात स्त्रीच्या हिताची अट घालता येते ही तरतूद फिकहातीलच आहे. नासिफबाईंजवळ असा कागद नव्हता. चळवळीच्या दोन्ही अग्रणी स्त्रियांच्या आयुष्यात बहुपत्नीत्वाचा प्रश्न असा प्रत्यक्ष घरातून आला होता.

१६ मार्च १९२३ रोजी, म्हणजे मोर्च्याच्या चौथ्या वर्षदिनी, शारावीबाईंनी ईजिप्शियन स्त्रीसंघाची स्थापना केली. एप्रिलमध्ये स्वतंत्र ईजिप्तची घटना जाहीर झाली. सर्व ईजिप्शियन कायद्यापुढे समान आहेत असे तिच्यात म्हटले होते, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आलेल्या निवडणूक कायद्याने मताधिकार केवळ पुरुषांना दिला. मे महिन्यात शारावीबाई आंतरराष्ट्रीय स्त्री-मताधिकार संघटनेच्या रोम येथील अधिवेशनास गेल्या. तेथून परतताना कैरोच्या रेल्वे स्थानकावर त्यांनी आणि सैझा नबरावी ह्यांनी चेहऱ्यावरील पडदा दूर केला. ह्या प्रसंगाचे वर्णन जगभर झाले आहे; म्हणून येथे एवढेच नमूद करतो की, त्यांनी दूर केला तो चेहऱ्यावरील नकाब, डोक्यावरील वस्त्र नव्हे; आणि स्त्रीसंघाच्या कार्यक्रमात पडद्याला फारसे स्थान नव्हते. त्या कार्यक्रमात मुलींची विवाहमर्यादा, शिक्षणाची समान संधी, बहुपत्नीत्व व तलाक ह्यांवरील निर्बंध आणि मताधिकार हे विषय होते. १९२४ च्या मार्चमध्ये नव्या संसदेचे उद्घाटन झाले तेव्हा मंत्र्यांच्या व बड्या अधिकाऱ्यांच्या पत्नींखेरीज स्त्रियांना आत प्रवेश नव्हता. स्त्रीसंघाच्या सभासद अरबी व फ्रेंच भाषांतील फलक घेऊन दाराशी उभ्या राहिल्या.

यश कोठे आले? विवाहासाठी मुलीला सोळा व मुलाला अठरा वर्षांची मर्यादा १९२३ सालीच कायद्याने घातली गेली. विद्यापीठाची दारे १९२०–३० च्या दशकाच्या शेवटी उघडली आणि १९३३ साली पहिल्या स्त्री-पदवीधर बाहेर पडल्या. नईमा अल्-अय्यूबी ह्यांनी त्याच वर्षी कायद्याची पदवी घेतली. कुटुंबाच्या कायद्यात १९२० आणि १९२९ साली दोन सुधारणा झाल्या. त्यांची पद्धती अभ्यासकांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे.

हनफी मतानुसार स्त्रीला न्यायालयातून विवाहविच्छेद मिळणे जवळजवळ अशक्य होते. पती परागंदा झाला असेल तर त्याचे वय नव्वद होईपर्यंत वाट पाहावी, असे त्या पंथातील एक प्रचलित मत होते. मालिकी पंथात हीच मुदत चार वर्षांची. ईजिप्तच्या कायदेकारांनी हनफी चौकट कायम ठेवून तिच्यात मालिकी मते बसविली. पोटगी न देणे, दुर्धर रोग, दीर्घकाळ परागंदा असणे, आणि १९२९ च्या कायद्याने ‘इजा’, म्हणजे सहजीवन अशक्य करणारी पतीची वागणूक, ही विच्छेदाची कारणे ठरली. एका दमात उच्चारलेले तीन तलाक एकच मानावे असेही त्या कायद्याने सांगितले. निरनिराळ्या पंथांतून सोयीचे मत निवडण्याच्या ह्या रीतीला ‘तखय्युर’ म्हणतात. परंपरेच्या बाहेर पाऊल न टाकता कायदा बदलण्याची ही युक्ती. आपल्या देशातील १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा ह्याच मार्गाने आला आणि त्यातील चार वर्षांची मुदत मालिकी मताचीच आहे. तीन तलाकांचा प्रश्न मात्र आपल्याकडे २०१७ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत आणि २०१९ च्या कायद्यापर्यंत लोंबकळत राहिला.

परंतु ह्या युक्तीलाही मर्यादा होती. बहुपत्नीत्वास न्यायालयाच्या परवानगीची अट घालणारा मसुदा १९२७ साली तयार झाला होता. राजा फुआद ह्यांच्या विरोधामुळे ते कलम गळाले आणि १९२९ चा कायदा त्याच्याविना संमत झाला. पुरुषाचा एकतर्फी तलाकाचा अधिकारही अबाधित राहिला. ‘बैत अल्-ताआ’ हेही राहिले. ह्या शब्दांचा अर्थ आज्ञापालनाचे घर. पत्नी घर सोडून गेली तर पतीने न्यायालयातून हुकूम आणावा आणि पोलिसांनी तिला ओढून परत आणावे अशी ही व्यवस्था. मराठी वाचकाला येथे डॉ. रखमाबाईंचा खटला आठवल्यावाचून राहणार नाही. १८८४ ते १८८८ ह्या काळात मुंबईत गाजलेल्या त्या खटल्यातही पतीच्या घरी नांदावयास जा, नाहीतर तुरुंगात जा, असाच पर्याय होता. कायद्याची कुळे वेगळी, परंतु स्त्रीपुढील दार एकच. ईजिप्तमध्ये पोलिसांकरवी अंमलबजावणीची ही पद्धत बंद होण्यास १९६७ साल उजाडले. त्यानंतरही आज्ञाभंग करणारी पत्नी पोटगीला मुकते.

शारावीबाई १९४७ च्या डिसेंबरात वारल्या. त्यानंतरच्या काळात पुढे आल्या दोरिया शफीक. टांटा गावच्या मध्यमवर्गीय घरातील ही मुलगी पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठाची १९४० सालची डॉक्टरेट घेऊन परतली होती. त्यांनी १९४५ साली ‘बिन्त अल्-नील’ (नीलकन्या) हे मासिक आणि १९४८ साली त्याच नावाचा संघ सुरू केला. त्यांची कार्यपद्धती जुन्या पिढीच्या अर्जविनंत्यांहून निराळी होती. १९ फेब्रुवारी १९५१ रोजी अमेरिकन विद्यापीठाच्या सभागृहात स्त्रियांची सभा बोलाविण्यात आली. सभा भरल्यावर शफीकबाईंनी सांगितले की, आपण संसदेवर जावयाचे आहे. सुमारे दीड हजार स्त्रिया संसदेच्या फाटकातून आत शिरल्या आणि काही तास तेथे ठाण मांडून बसल्या. सभापतींनी आश्वासन दिले, शफीकबाईंवर खटला भरला गेला, आणि आश्वासन हवेत विरले. १९५२ च्या जूनमध्ये अल्-अझहरच्या उलेमांनी स्त्रीला मताधिकार देणे धर्माला मान्य नाही असा फतवा काढला. महिन्याभराने लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता हाती घेतली.

नव्या राजवटीने घटनासमिती नेमली, तिच्यात एकही स्त्री नव्हती. १२ मार्च १९५४ रोजी शफीकबाई व त्यांच्या सहकारिणी वृत्तपत्रकारांच्या संघाच्या इमारतीत उपोषणाला बसल्या. आठ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष नगीब ह्यांच्याकडून स्त्रियांच्या हक्कांचा विचार होईल असे वचन मिळाले. १९५६ ची घटना ही त्या वचनाची पूर्ती होय. तीही संपूर्ण नव्हती : पुरुषाचे नाव मतदारयादीत आपोआप येई, स्त्रीला मात्र त्यासाठी अर्ज करावा लागे. तथापि १९५७ च्या निवडणुकीत राविया अतिया आणि अमीना शुक्री ह्या दोन स्त्रिया संसदेवर निवडून आल्या, आणि १९६२ साली हिकमत अबू झैद समाजकल्याण मंत्री झाल्या. शिक्षण विनामूल्य झाले, पदवीधरांना सरकारी नोकरीची हमी मिळाली, आणि हजारो मुलींनी तिचा लाभ घेतला. नासिर ह्यांच्या राजवटीचे हे श्रेय नाकारता येणार नाही. स्त्रीसंघाच्या तीस वर्षांच्या प्रयत्नांनी जे साधले नव्हते ते येथे पाच-दहा वर्षांत घडले.

आता ह्याची दुसरी बाजू. ज्या वर्षी मताधिकार आला त्याच वर्षी शारावीबाईंच्या स्त्रीसंघाचे स्वतंत्र राजकीय अस्तित्व संपले आणि ‘हुदा शारावी मंडळ’ ह्या नावाने एक समाजसेवी संस्था तेवढी उरली. मोहिमेत अग्रभागी असलेल्या चित्रकर्त्री इंजी अफलातून १९५९ पासून १९६३ पर्यंत तुरुंगात होत्या. शफीकबाईंची कथा लेखाच्या आरंभी आलीच आहे. त्यांनी पुढील अठरा वर्षे कैरोतील आपल्या सदनिकेत जवळजवळ एकांतात काढली, आणि २० सप्टेंबर १९७५ रोजी तेथील सज्जातून पडून त्यांचा मृत्यू झाला. १९६४ च्या ३२ क्रमांकाच्या कायद्याने प्रत्येक संस्था सरकारच्या परवानगीखाली आली. हक्क हे शासनाने नागरिकांना दिलेले दान आहे, मागण्याचे कारण उरलेले नाही, आणि जो अजूनही मागतो त्याचा हेतू शुद्ध नाही, अशी ही विचारसरणी होती.

ह्याच विचारसरणीत आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. नासिर ह्यांच्या शासनाने १ जानेवारी १९५६ पासून शरीयत न्यायालये आणि बिगरमुस्लिम जमातींची न्यायालये एका फटक्यात रद्द केली. त्यांचे काम राष्ट्रीय न्यायालयांकडे आले. परंतु त्या न्यायालयांनी जो कायदा लावावयाचा तो मात्र १९२० आणि १९२९ चाच राहिला. न्यायासनावरील व्यक्ती बदलली, हातातील पोथी तीच! काझीची सत्ता शासनाला हवी होती; पतीच्या सत्तेला धक्का देण्याची त्याला गरज वाटली नाही. जमीनदारीवर आणि सुवेझ कालव्यावर हात टाकणारी राजवट घराच्या उंबरठ्याशी थबकली. शासनाला असा धक्का देण्यास भाग पाडू शकेल अशी स्त्रियांची स्वतंत्र संघटना तोपर्यंत उरली नव्हती, हे त्याचे निदान एक प्रमुख कारण मानले पाहिजे.

ह्यावर असा आक्षेप येईल की, ट्युनिशियाचे उदाहरण ह्याच्या नेमके उलट आहे, आणि तो आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. २० मार्च १९५६ रोजी ट्युनिशिया स्वतंत्र झाला आणि अवघ्या पाच महिन्यांत, १३ ऑगस्ट रोजी, हबीब बुर्गीबा ह्यांच्या शासनाने व्यक्तिगत दर्जाची संहिता जाहीर केली. बहुपत्नीत्व हा गुन्हा ठरला. न्यायालयाबाहेरचा तलाक निरर्थक ठरला. विच्छेद मागण्याचा अधिकार पती-पत्नींना सारखा मिळाला. ह्यामागे मोठी स्त्रीचळवळ नव्हती. ताहीर हद्दाद ह्या झैतुना विद्यापीठात शिकलेल्या कामगार-कार्यकर्त्याने १९३० साली ह्या सुधारणांचा धर्मशास्त्रीय पाया रचला होता. त्याबद्दल त्याची पदवी हिरावली गेली, आणि १९३५ साली तो उपेक्षेत वारला. बुर्गीबांना ग्रामीण टोळ्यांच्या आणि झैतुनाच्या उलेमांच्या बळावर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यांची शक्ती मोडावयाची होती आणि कुटुंबाचा कायदा बदलणे त्या राजकारणाशी जुळले. ईजिप्तमध्ये असा मेळ जमला नाही. म्हणजे वरून आलेली सुधारणा नेहमीच अपुरी असते असे नव्हे. ती राज्यकर्त्याच्या गरजेइतकीच असते. ट्युनिशियातही वारशाच्या वाटणीला हात लागला नाही. २०१८ साली समान वारशाचे विधेयक आले, ते कायदा होऊ शकले नाही.

वरून येणारी सुधारणा वरूनच नाहीशी होऊ शकते हेही ईजिप्तने अनुभवले. १९७९ साली राष्ट्राध्यक्ष सादात ह्यांनी संसदेचे अधिवेशन नसताना वटहुकुमाने ४४ क्रमांकाचा कायदा काढला. पतीने दुसरा विवाह केला तर पहिल्या पत्नीला तीच इजा समजून विच्छेद मागता येईल, घटस्फोटित आईला मुले लहान असेतो राहते घर मिळेल, अशा त्यात तरतुदी होत्या. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या नावावरून लोक त्याला ‘जिहानचा कायदा’ म्हणू लागले. म्हणजे लोकांच्या दृष्टीने तो एका घरातून आलेला होता. ४ मे १९८५ रोजी सर्वोच्च घटना न्यायालयाने तो रद्द केला. मजकूर घटनाविरोधी म्हणून नव्हे. वटहुकूम काढण्याइतकी निकड नव्हती म्हणून. त्या वेळी मात्र स्त्रियांनी एकत्र येऊन हालचाल केली, नैरोबीची जागतिक स्त्रीपरिषद तोंडावर होती, आणि दोन महिन्यांत १०० क्रमांकाचा कायदा आला. त्यात बरेचसे परत मिळाले, परंतु पतीच्या दुसऱ्या विवाहाने आपली इजा झाली हे आता पत्नीने सिद्ध करावयाचे होते. नवाल सादावी ह्यांच्या नेतृत्वाखाली १९८२ साली निघालेली अरब स्त्री-एकता संघटना १९९१ साली सरकारने बंद केली.

२००० सालच्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याची तऱ्हा वेगळी होती. त्याच्यामागे वकील, न्यायाधीश आणि स्त्रीसंघटना ह्यांनी कित्येक वर्षे केलेली तयारी होती. पत्नीने कारण सिद्ध न करता विवाहातून मुक्त होण्याचा ‘खुला’ हा मार्ग त्याने उघडला. आधार घेतला साबित इब्न कैस ह्यांच्या पत्नीच्या हदीसचा. तिने मेहर म्हणून मिळालेली बाग परत केली आणि पैगंबरांनी तिला मोकळे केले. हा युक्तिवाद उलेमांना सहजी फेटाळता येईना. खुला घेणाऱ्या स्त्रीला मेहर परत करावा लागतो आणि पोटगीवरील हक्क सोडावा लागतो. तेव्हा हा मार्ग ऐपत असणाऱ्या स्त्रीचा, असा आक्षेप घेतला गेला आणि तो खोटा नाही. परंतु वर्षानुवर्षे ‘इजा’ सिद्ध करीत न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा रिकाम्या हातांनी सुटका पत्करणाऱ्या गरीब स्त्रियाही ह्या मार्गाने आल्या.

हक्क देणे आणि मागणाऱ्याला गप्प करणे ह्यांची ती जुनी जोडी आजही दृष्टीआड झालेली नाही. सौदी अरेबियात २४ जून २०१८ पासून स्त्रियांना मोटार चालविण्याची मुभा मिळाली. ती मागणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येकींना, लुजैन अल्-हथलूल ह्यांच्यासह, त्याच्या आदल्याच महिन्यात अटक झाली होती.

ईजिप्तमध्ये २०२१ सालाच्या आरंभी मंत्रिमंडळाने तयार केलेला व्यक्तिगत दर्जाच्या कायद्याचा एक नवा मसुदा वृत्तपत्रांत आला. प्रौढ स्त्रीने स्वतःच्या इच्छेने केलेला विवाह वर अननुरूप असल्याच्या कारणावरून तिच्या पुरुष पालकाला न्यायालयातून रद्द करून घेता यावा, अशी त्यात तरतूद होती. त्यावर ‘विलाया, म्हणजे पालकत्व, हा माझा हक्क’ ह्या घोषणेने स्त्रियांनी आपापले अनुभव लिहून जाहीर करावयास सुरुवात केली. मुलाची शाळा बदलावयाची तर परागंदा वडिलांची सही कोठून आणावी, मुलाच्या नावाने बँकेत स्वतः भरलेले पैसे काढावयाचे तर त्याच्या आजोबांची मनधरणी का करावी, अशा त्या साध्या, घरगुती हकिकती होत्या. १९११ साली नासिफबाईंचे निवेदन परपुरुषाच्या तोंडून वाचले गेले होते. ह्या स्त्रियांनी आपले म्हणणे आपल्याच शब्दांत लिहिले. तो मसुदा त्या स्वरूपात संमत झाला नाही. मुलांच्या मालमत्तेविषयीचे पालकत्व मात्र त्यानंतरही प्रथम पिता व पितामह ह्यांच्याकडेच राहिले.